'ओव्हर द बॅक' आणि पुशिंग: रिबाऊंडला शिट्टी नेमकी कशाला?

नेरूळला आमच्या सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टावर दर रविवारी सकाळी हे एकदा तरी होतंच. हुकलेल्या शॉटचा बॉल रिंगवर आपटून वर उडतो (तो पकडणं म्हणजेच रिबाऊंड), मागे उभा असलेला उंच पोरगा पुढच्याच्या डोक्यावरून हात लांबवून बॉल काढतो आणि लगेच चार जण ओरडतात, "ओव्हर द बॅक, फाऊल!" मी पण कितीतरी वर्षं असाच ओरडायचो. पण फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत या नावाचा फाऊलच नाहीये.

फाऊल आहे तो पुशिंगचा, म्हणजे धक्क्याचा. मागच्याने नुसता वरून हात घालून बॉल काढला, अंगाला अंग लागलं नाही, तर तो क्लीन रिबाऊंड, मग पुढचा कितीही बुटका असो आणि किती का चिडेना. उंची आणि उडी हा काही गुन्हा नाही. पण तोच मागचा छातीने किंवा कोपराने पुढच्याच्या पाठीवर रेलला आणि त्यामुळे पुढच्याची उडी बिघडली किंवा तो एक पाऊल पुढे ढकलला गेला, तर फाऊल, आणि "मी बॉलसाठीच जात होतो ना" हे कारण चालत नाही.

म्हणून रिबाऊंडच्या वेळी वर हातांकडे बघू नका, पुढच्याच्या कंबरेकडे आणि पायांकडे बघा. तिथेच कळतं.

आता पुढच्याबद्दल, कारण सगळी दया त्याच्याच वाट्याला जाते आणि मला ते पटत नाही. बॉक्स आऊट म्हणजे आधी जागा पकडायची, गुडघे वाकवून रुंद उभं राहायचं आणि मागच्याला पाठीशी ठेवायचं, हे शंभर टक्के बरोबर आहे, पोरांना हेच शिकवलं पाहिजे. पण जागा पकडणं वेगळं आणि ढुंगणाने मागच्याला रेटत रेटत बेसलाईनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) बाहेर नेणं वेगळं, हे रेटणं म्हणजे फाऊलच. मागे हात घालून त्याचा हात काखेत अडकवणं हे तर होल्डिंग, आणि आमच्याकडे हे सर्रास चालतं कारण रेफरीला ते पटकन दिसत नाही. आणि मागचा हवेत असताना त्याच्या पायांखाली घुसणं मात्र कधीच करू नका प्लीज. उडी मारलेल्याला खाली उतरायची जागा नियमानेच आहे, आणि घोटा याच चुकीने जातो.

डेनिस रॉडमन फक्त 6 फूट 7 इंचाचा, तरी 1992 ते 1998 सलग 7 सीझन एनबीए या अमेरिकन लीगमध्ये रिबाऊंडला पहिला होता, त्याच्याहून उंच सेंटर्स समोर असताना. धक्का न देता जागा मिळवता येते, फक्त बॉल कुठे पडेल हे आधी ओळखावं लागतं.

अजून एक, जे मॅचमध्ये महागात पडतं. शॉटचा बॉल हातातून सुटला की फिबाच्या नियमाने बॉल कुठल्याच टीमच्या ताब्यात नसतो, म्हणून ॲटॅक करणाऱ्या टीमच्या पोराने रिबाऊंडला धक्का दिला आणि त्या क्वार्टरमधला तो त्यांचा पाचवा टीम फाऊल (सगळ्या खेळाडूंचे मिळून) असेल, तर समोरच्यांना थेट 2 फ्री थ्रो मिळतात. आपला शॉट हुकला ते वेगळंच, वर दोन पॉईंटची संधी पण आपणच देऊन बसतो.