कॅरेज मागे, कागद वर: ओळीच्या शेवटाची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपमध्ये फॅनक कंट्रोलच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्रोग्रॅम उघडला, की प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका ओळीच्या, शेवटी अर्धविराम दिसतो. तोच प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडला, तर एकही अर्धविराम सापडत नाही. तो फाइलमध्ये नसतोच. फाइलमध्ये असतो न दिसणारा एक कोड, निदान एक. कंट्रोल त्याला 'एंड ऑफ ब्लॉक' म्हणतो आणि ऑपरेटरला दिसावा म्हणून त्या जागी अर्धविराम दाखवतो. हा कोड एकच का नाही, कुठे एक, कुठे दोन, तर कुठे चक्क तीन का, याचं उत्तर शोधायला टाइपरायटरपर्यंत मागे जावं लागतं.

टायपिंगच्या क्लासला मॅन्युअल मशीनवर बसलेल्यांच्या हाताला हे अजून आठवत असेल. मार्जिनजवळ घंटी वाजली की डाव्या हाताने लिव्हर ओढायचा. त्या एका झटक्यात दोन कामं व्हायची. रोलर फिरून कागद एक ओळ वर सरकायचा आणि अख्खं कॅरेज उजवीकडे जाऊन ओळीचा आरंभ पुन्हा टायपाच्या समोर यायचा. हाताला काम एक, पण यंत्राच्या हालचाली दोन. टेलिग्राफच्या छपाई यंत्रांसाठी डोनाल्ड मरे यांनी १९०१ मध्ये कोड बसवला, तेव्हा या हालचालींना वेगवेगळे कोड मिळाले: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. पुढे अक्षरांना क्रमांक ठरवून देणाऱ्या १९६३ च्या आस्की प्रमाणात कॅरेज रिटर्नला १३ आणि लाइन फीडला १० हे क्रमांक आले. ते आजही तेच आहेत. यापुढे त्यांना सीआर आणि एलएफ म्हणू.

दोन कोड म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं अनेक जण म्हणतात. यंत्र डोळ्यांसमोर आणलं की तसं वाटत नाही. तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राचा वेग सेकंदाला १० अक्षरं होता. लाइनवर एका अक्षरामागे ११ बिट (एक स्टार्ट, आठ डेटा, दोन स्टॉप) जायचे, म्हणून ११० बॉड, म्हणजे सेकंदाला ११० बिट. छपाईचं डोकं ओळीच्या उजव्या टोकाहून डावीकडे परत यायला एका अक्षराच्या वेळात, म्हणजे ०.१ सेकंदात, जमायचं नाही. म्हणून आधी सीआर पाठवायचा आणि डोकं परतत असताना त्याच वेळात एलएफने कागद सरकवायचा. क्रम उलटा केला तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर डोकं वाटेत असतानाच उमटायचं आणि ओळीच्या मध्येच डाग पडायचा. यंत्र झिजलेलं असेल तर दोन्हींनंतर एखाद-दुसरा रिकामा कोडही पाठवावा लागायचा. 'आधी १३, मग १०' हा क्रम त्या वेळेच्या गणितातून आला आहे. लिनक्सच्या टर्मिनल सेटिंगमध्ये सीआरनंतर किती थांबायचं हे सांगणारे पर्याय आजही आहेत. त्यांचं मूळ हेच.

खरा फाटा इथून फुटतो. यंत्राला दोन कोड लागतात हे कबूल, पण ते फाइलमध्ये साठवायचे, की फाइलमध्ये एकच ठेवून यंत्राला पाठवताना दोन करायचे? १९६४ पासून घडत गेलेल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने दुसरी वाट धरली. फाइलमध्ये फक्त एलएफ, बाकी भाषांतर उपकरणाच्या ड्रायव्हरने करायचं. बेल लॅब्जमधल्या युनिक्सने तेच उचललं आणि तिथून ते लिनक्सपर्यंत पोचलं. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या लहान कॉम्प्युटरांच्या ऑपरेटिंग सिस्टिमने (१९७४) पहिली वाट घेतली: यंत्राला जे लागतं तेच फाइलमध्ये, जोडीने. लहान यंत्रावर भाषांतराचा वेगळा थर ठेवायला जागा कुठून आणायची? तिथून ही जोडी डॉसमध्ये आणि डॉसमधून विंडोजमध्ये गेली. सीपी/एमची आणखी एक खूण सोबत आली. त्यात फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जायची, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला २६ क्रमांकाचा कोड टाकावा लागायचा. विंडोजवर सी भाषेत फाइल 'टेक्स्ट मोड'मध्ये वाचताना मध्येच २६ आला तर वाचन तिथेच थांबतं, ते यामुळे.

ॲपलच्या जुन्या मॅकवर फक्त सीआर होता. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं आणि युनिक्सच्या पायामुळे तिथेही एलएफ आला. जुन्या मॅकवर डीटीपी केलेल्या मजकुराची सीडी एखाद्या छापखान्याच्या कपाटात सापडली, तर लिनक्सवर तिच्यातल्या फाइलची ओळसंख्या शून्य दिसेल. मजकूर शाबूत असतो. फक्त १३ च्या जागी १० घालायचे.

इंटरनेटचे प्रोटोकॉल मात्र जोडीवरच राहिले. टेलनेट, ईमेलचा एसएमटीपी आणि वेबच्या एचटीटीपी १.१ ची हेडरं या सगळ्यांत ओळ सीआर-एलएफनेच संपते, मग सर्व्हर लिनक्स असो की विंडोज. यात ढिलाई चालवून घेतली की काय होतं ते डिसेंबर २०२३ मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग' या नावाने पुढे आलं. ईमेल संपल्याची खूण म्हणजे एका ओळीवर एकटं टिंब. एक सर्व्हर नुसत्या एलएफला ओळीचा शेवट मानत नव्हता, पुढचा मानत होता. त्या फटीतून एका मेलच्या पोटात दुसरा, खोट्या नावाचा मेल घुसवता येत होता.

आता पुन्हा मशीनकडे. पंचिंग टेपच्या काळात एनसी (आकड्यांच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनला दोन कोडपद्धती होत्या, ईआयए आणि आयएसओ. ईआयएमध्ये ब्लॉकचा शेवट सीआर, आयएसओमध्ये एलएफ. टेप गेली, पण तिची मापं राहिली. जुन्या कंट्रोलची मेमरी आजही 'टेप ८० मीटर' अशी सांगितली जाते. टेपवर इंचाला १० अक्षरं, म्हणजे एका अक्षराला २.५४ मिलिमीटर, ८० मीटर म्हणजे सुमारे ३१,५०० अक्षरं. फॅनकच्या बऱ्याच कंट्रोलवर पॅरामीटर १०० (कंट्रोलचं एक सेटिंग) मधला बिट क्रमांक ३ शून्य असेल, तर प्रोग्रॅम बाहेर पाठवताना प्रत्येक ब्लॉकमागे एलएफ, सीआर, सीआर असे तीन कोड जातात. बिट १ केला की फक्त एलएफ. ३,००० ब्लॉकच्या प्रोग्रॅमात हे ६,००० जादा कोड होतात, टेपच्या हिशेबात १५.२४ मीटर. आरएस-२३२ या सिरियल केबलवर ४,८०० बॉड, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट असतील तर सेकंदाला ४३६ अक्षरं जातात, म्हणजे या जादा कोडांपायी चौदा-एक सेकंद वाया. तेवढ्याने कुणाचं काम अडत नाही. अडचण होते ती ती फाइल कॉम्प्युटरवर उघडल्यावर: काही एडिटर त्या तीन कोडांना तीन ओळी समजतात आणि प्रत्येक ब्लॉकखाली रिकाम्या जागा दिसतात. प्रोग्रॅम बिघडला समजून कुणी त्या हाताने काढायला बसतं. खरं तर बिट बदलून प्रोग्रॅम पुन्हा पाठवला की झालं, मात्र पॅरामीटरला हात लावण्याआधी जुनी किंमत लिहून ठेवावी. उलट बाजूने, नुसता सीआर असलेली फाइल आयएसओ पद्धतीने आत घेतली तर कंट्रोलला ब्लॉकचा शेवटच सापडत नाही.

मराठी मजकुराचं दुखणं आणखी वेगळं आहे, आणि त्याची चर्चा फारशी कुठे होत नाही. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या युनिकोड साठवण्याच्या दोन पद्धती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, आणि त्या तिन्हींतला एकही बाइट १२८ च्या खाली नसतो. म्हणजे १० किंवा १३ अक्षराच्या पोटात कधीच लपत नाही. यूटीएफ-१६ मध्ये ही हमी नाही. तिथे 'ऊ' दोन बाइटचा: एक ९, दुसरा १०. हा १० म्हणजे हुबेहूब एलएफ! एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून काढलेली यादी यूटीएफ-१६ मध्येच येते. ती बाइट-बाइटने ओळी बदलणाऱ्या साधनातून किंवा एफटीपीच्या आस्की मोडमधून गेली, तर दर १० च्या आधी १३ घुसतो. 'ऊस', 'भाऊ', 'मऊ' असे शब्द आले की तिथपासून जोड्या एका बाइटने सरकतात. मागच्या अक्षराचा ९ पुढच्या अक्षराच्या पहिल्या बाइटला जाऊन चिकटतो. मग 'स'च्या जागी चिनी अक्षर उमटतं आणि 'न'च्या जागी ब्रेलचे ठिपके. ओळीच्या शेवटी पुन्हा एक बाइट घुसला की जोड्या आपोआप जुळतात. म्हणून अशा फाइलमध्ये ज्या ओळींत 'ऊ' नाही त्या आलटून पालटून एक वाचता येणारी, एक चिनी अशा दिसतात. हे चित्र दिसलं की फॉन्ट बदलत बसू नये. फॉन्टचा इथे काही दोष नाही. मूळ फाइल पुन्हा मागवावी, आधी यूटीएफ-८ करावी, मग ओळींचं बघावं.

फाइल वाटेत बदलली गेली का हे ओळखण्याची सगळ्यात देखणी युक्ती पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइटांत आहे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधला १३-१० कुणी एक केला, शेवटचा एकटा १० कुणी दोन केला किंवा २६ ला कुणी शेवट समजलं, तर ही सही मोडते आणि चित्र उघडतानाच चूक कळते.

रोजच्या कामात दोष फार साध्या रूपात भेटतो. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर चढवली की 'बॅड इंटरप्रिटर' येतं, कारण पहिल्या ओळीतल्या 'बॅश'ला सीआर चिकटलेला असतो आणि कर्नल त्या नावाची फाइल शोधत बसतो. सीएसव्हीमध्ये शेवटचा रकाना पिनकोडचा असेल तर ४१६००१ हा डोळ्यांना सहा अंकी दिसतो, पण लांबी सात निघते आणि कुठल्याच तुलनेत जुळत नाही. लिनक्सवर 'कॅट' कमांडला मोठ्या 'ए'चा पर्याय दिला की प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलर दिसतो आणि सीआर असेल तर त्याआधी टोपीवाला 'एम'. नुसत्या एलएफची फाइल नीट दाखवायला विंडोजचं नोटपॅड २०१८ मध्ये शिकलं; आता खालच्या पट्टीत ते फाइलचा प्रकारही सांगतं.

टीममध्ये निम्मे विंडोजवर आणि निम्मे लिनक्सवर असतील तर फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवरच्या 'ऑटोसीआरएलएफ' या ओळीचा शेवट आपोआप बदलणाऱ्या सेटिंगवर विसंबू नये; एकाचं सेटिंग वेगळं निघालं की डिफमध्ये (बदलांच्या यादीत) सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात. नियम रिपॉझिटरीतल्या (टीमच्या सामाईक फाइलसाठ्यातल्या) 'गिटॲट्रिब्यूट्स' फाइलमध्येच लिहावा: सगळ्या फाइलींना 'टेक्स्ट=ऑटो', शेल स्क्रिप्टला एलएफ, बॅच फाइलला सीआरएलएफ. मशीनचे प्रोग्रॅम त्याच रिपॉझिटरीत असतील तर त्यांना 'टेक्स्ट'च्या आधी उणे चिन्ह लावावं, म्हणजे गिट त्यांना हात लावत नाही. नंतर 'गिट ॲड' 'रीनॉर्मलाइझ' पर्यायासह एकदाच चालवून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये टाकावा. दुसऱ्या कामात मिसळला तर नेमकं काय बदललं ते पुढे कुणालाच शोधता येत नाही.