जुनी नाणी हाताळताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून नाणे नेणाऱ्या किंवा घरातली जुनी नाणी दाखवायला आणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. सगळे वाचायला वेळ नसेल, तर एवढेच लक्षात ठेवा: नाणे घासू नका. काळवंडलेले असो की मळलेले, आहे तसेच राहू द्या.

घासल्याने काय जाते

टाकसाळीत ठशांचा दाब पडतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा तयार होतात. कोरे नाणे तिरक्या उजेडात फिरवले की जी चमक हलताना दिसते, ती या रेषांमुळे. पितांबरी, राख, रांगोळी, टूथपेस्ट, अगदी मऊ कापडाचा जोरसुद्धा त्या पुसून टाकतो. मग नाणे चकचकते खरे, पण ती चमक सपाट असते आणि जाणकार ती लगेच ओळखतो. गेलेल्या रेषा कोणालाही परत आणता येत नाहीत.

बारकाव्यांवर किती अवलंबून असते पाहा. 1911 सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुकरासारखा दिसला, त्यावरून ओरड झाली आणि 1912 पासून ठसा बदलला. आजही त्याला डुक्करछाप रुपया म्हणतात. ते चित्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे आहे. दोन दिवाळ्या घासले, तर त्यातले काय उरेल?

तांब्याच्या नाण्याला चिंच किंवा लिंबू लावणे तर त्याहून घातक. आम्ल वरचा तपकिरी-काळा थर खाते, आणि तोच थर आतल्या तांब्याचे रक्षण करत असतो. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. बहुतेक शिवराई नाण्यांवर ठसा पूर्ण बसलेला नसतो, एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले असते. उरलेल्या अक्षरांची धार चिंचेने बोथट करणे आम्हाला खरोखर बघवत नाही. चांदीचे नाणे सराफाकडून उजळून आणू नका, रिठ्याच्या पाण्यात ब्रशनेही नको. जुन्या रुपयाला माळेसाठी कडी जोडलेली असेल, तर तीही घरी तोडू नका.

लक्ष्मीपूजनाला

राणीछाप रुपया देव्हाऱ्यात असणे ही अनेक घरांची परंपरा आहे आणि ती मोडा असे आम्ही म्हणणार नाही. फक्त पंचामृताने न्हाऊ घालायला सराफाकडचे नवे चांदीचे नाणे घ्या. जुना रुपया पारदर्शक कडक कॅप्सूलमध्ये घालून पूजेत मांडा, हळदकुंकू वरून वाहा. कुंकवाचे कण अक्षरांत बसले की नंतर ते काढताना ओरखडे उमटतात. नाण्याला दही-मध लागलेच, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून निथळू द्या, आणि सुती कापडावर ठेवून फक्त टिपून घ्या.

हातात घेताना

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नाणे अंगठा आणि तर्जनीने कडेला धरा, दोन्ही बाजूंना बोट लागू देऊ नका. घामातले क्षार तांब्यावर बोटाचा ठसा उमटवतात आणि काही दिवसांत तो कायमचा होतो. टेबलावर जाड मऊ कापड अंथरून त्याच्यावरच नाणे हाताळा. नाणे तोंडाशी धरून बोलू नका, थुंकीच्या तुषारांचेही डाग पडतात. सैल सुती हातमोज्यांतून नाणे निसटते, म्हणून आम्ही स्वतः स्वच्छ कोरडे हातच पसंत करतो. मोजे हवेच असतील तर पावडर नसलेले नायट्राइलचे घ्या.

रुपया फरशीवर आपटून वाजवून पाहू नका, कडेला पोचा पडतो. कसोटीच्या दगडावरही घासू नका. वजन करा: 1939 पर्यंतचा पूर्ण रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, त्यात 91.7 टक्के चांदी असते. वापराने झिजलेला थोडा कमी भरेल. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो.

ठेवताना

सर्वाधिक नाणी आमच्या पाहण्यात अल्बमने बिघडवली आहेत. मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाकीट बहुधा पीव्हीसीचे असते. काही वर्षांत त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टर असे स्पष्ट लिहिलेलीच पाकिटे घ्या. पुठ्ठ्याच्या होल्डरच्या पिना आधी काढा, मगच नाणे बाहेर घ्या; पिनेचा ओरखडा फार खोल जातो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ नको, त्यांतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. सेलोटेप कधीच नको.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच नाण्यांचा खरा शत्रू. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, त्याचा रंग पालटला की बदला. ॲल्युमिनियमची जुनी पैशांची नाणी मऊ असतात, ती एकमेकांवर ओतून ठेवू नका.

हिरवी भुकटी दिसली तर

तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर बहुधा निरुपद्रवी असतो. पण फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर ते नाणे ताबडतोब वेगळे करा. क्षार आणि दमट हवा मिळून धातू आतून पोखरत आहेत असे समजा. काहीही न लावता कोरड्या डबीत घालून आमच्याकडे आणा. नुसते पाहून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

शेतात किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली, तर ती धुऊ नका, वाटून घेऊ नका, मडके असेल तर तेही ठेवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देणे बंधनकारक आहे. अशी नाणी आम्ही विकत घेत नाही, पण अर्ज कसा लिहायचा ते जरूर सांगू.