लाल पाठीला स्पिरिट चोळू नका

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ लाल झाली की स्पिरिट लावून चोळायची, वर पावडर टाकायची, म्हणजे रक्त फिरतं आणि बेडसोअर (पडून राहिल्याने एकाच जागी दाब येऊन होणारी जखम) टळतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. दाबाने आतला भाग आधीच दुखावलेला असतो. चोळल्याने इजा वाढते, स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

माकडहाडावर, टाचेवर बोट दाबून बघा. बोट काढताच जागा क्षणभर पांढुरकी न होता लालच राहिली, तर बेडसोअर सुरू झालाय, कातडी फुटलेली नसली तरी. आपल्या सावळ्या रंगावर लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा, घट्टपणा ओळखायचा. अशी जागा सापडली की लगेच कूस बदला, तिच्यावरचा भार काढा. आणि सिस्टर, ती त्याच पाळीत चार्टवर नोंदवा.