पर कापायला बंदी, मारायला नाही

शार्कचे पर कापण्यावर बंदी आली म्हणजे शार्क वाचले, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. २०१२ ते २०१९ या काळात असे कायदे देशोदेशी झाले, तरी मासेमारीत दरवर्षी मरणाऱ्या शार्कची संख्या अंदाजे ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेली.

पर महाग, मांस स्वस्त आणि बोटीच्या खणात जागा मोजकी. म्हणून पाठीवरचा पर, छातीचे दोन आणि शेपटीचा खालचा भाग कापायचा आणि धड, बरेचदा जिवंतच, समुद्रात लोटायचे. परांचे सूप करतात, आणि हाँगकाँगच्या बाजारात मोल आहे ते परातल्या तंतूंना. पर भिजवून साल काढली की शेवयांसारखे पिवळसर, अर्धपारदर्शक दोरे सुटतात. त्यांना स्वतःची चव नसते; सूपला चव येते ती कोंबडी आणि हॅमच्या रश्श्याची. औषधी गुणांच्या गोष्टी तर निव्वळ थापा. 'शार्कला कॅन्सर होत नाही' असे सांगून त्याच्या कूर्चेच्या गोळ्या विकल्या जातात, पण शार्कच्या अंगातही कॅन्सरच्या गाठी सापडल्या आहेत.

युरोपीय संघाने २००३ मध्ये नियम केला. खास परवाना असेल तर बोटीवर पर कापता येतील, पण धडही किनाऱ्यावर आणायचे आणि परांचे वजन शार्कच्या जिवंत वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचे. पळवाट इथेच होती. समजा एखाद्या जातीत पर शरीराच्या ३ टक्केच भरतात. १० टन शार्कचे पर झाले ३०० किलो. नियमाने चालतात ५०० किलो. उरलेल्या २०० किलोंसाठी आणखी साडेसहा टनांहून जास्त शार्कचे पर कापून धडे फेकली, तरी काटा कायदेशीरच! त्यात काप कसा घेतला यावर वजन बदलते. मुळाशी मांस ठेवून सरळ कापलेला पर जड भरतो, मांस सोडून अर्धगोल कापलेला हलका. वाळल्यावर निम्म्याहून जास्त वजन उतरते ते वेगळेच. शिवाय पर एका बंदरात आणि धड दुसऱ्या बंदरात उतरवायची मुभा होती, म्हणजे ताडून बघायची सोयच नाही.

२०१३ मध्ये ही सूट गेली. आता पर धडाला जोडलेलेच हवेत. गोठलेले ताठ पर रचायला अडचण करतात. त्यावर उपाय म्हणजे गोठवण्यापूर्वी पर मुळाशी अर्धवट चिरून, कातडीला धरून अंगाशी दुमडायचा. पर अंगावरच राहिल्याने जात ओळखता येते आणि डोकी मोजता येतात. भारताने त्याच वर्षी हा नियम स्वीकारला आणि २०१५ मध्ये परांची निर्यातही बंद केली.

पण अख्खा शार्क आणला तर किती आणायचे, हे हा नियम सांगत नाही. मांसालाही गिऱ्हाईक मिळाले की मासेमारी चालूच राहते. डस्की नावाच्या मोठ्या शार्कची मादी सुमारे विसाव्या वर्षी वयात येते, जवळजवळ दोन वर्षे पिले पोटात वाढवते, एका वेळी ३ ते १४ देते आणि मग वर्षभर थांबते. आपल्या बाजारातली छोटी मोरी याच कुळातली, पण ती फार लवकर वयात येते. दोघींना एकच मोजमाप लावले तर मोरी कदाचित तग धरेल, डस्की नाही. जातवार पकडमर्यादा हवी ती यासाठी.