डिझेल-पेट्रोलचे फिल्टर इतके बारीक का झाले: एक पार्श्वभूमी

इंधनात कचरा किती येतो यावर फिल्टर किती बारीक हवा हे ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. गाडीच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात तसे घडलेले नाही. धूळ, गंज, पाणी पहिल्या मोटारीच्या टाकीतही होतेच. लहान होत गेली ती इंजिनातली सगळ्यात अरुंद फट, आणि प्रत्येक वेळी फिल्टरला तिच्यामागे धावावे लागले.

सुरुवातीला पेट्रोल डब्यातून मिळायचे आणि नरसाळ्याने टाकीत ओतले जायचे. अमेरिकेत सिल्व्हेनस बाऊझर यांचा मोजून पेट्रोल देणारा पंप १९०५ मध्ये आला, तरी नरसाळे पुढेही बरीच वर्षे टिकले. त्यात पितळेची बारीक जाळी असे किंवा कमावलेले मऊ कातडे ताणून बसवलेले असे. कातड्याची युक्ती आजही दाद देण्यासारखी आहे. ते आधी पेट्रोलने भिजवून घ्यायचे. मग पेट्रोल त्यातून झिरपून खाली उतरते आणि पाण्याचे थेंब वर राहतात. कोरडेच लावले किंवा आधी पाण्याने भिजले, तर काम बिघडते. आजच्या वॉटर सेपरेटरमधली (इंधनातले पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधली) पाणी न धरणारी जाळी याच तत्त्वावर चालते.

१९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाकडे, जायचे. टाकीच्या बुडाशी गाळ साचवणारी छोटी वाटी, तिला जाळी आणि खाली गाळ सोडायचा कॉक, एवढीच गाळणी. पुढे डायफ्रॅमचे (लवचिक पडद्याचे) यांत्रिक पंप आले आणि त्यांच्याबरोबर काचेची वाटी आली. काचेमुळे तपासणी सोपी झाली: पेट्रोलखाली पाण्याचा थेंब वेगळा, गोल दिसतो आणि वाटी हलवली की तळाशी घरंगळतो. वाटी काढून पुसायची, बुचाचे किंवा रबराचे गॅस्केट चिरलेले असेल तर बदलायचे. ते चिरले की पेट्रोल बाहेर गळण्याआधी पंप तिथून हवा ओढू लागतो.

एवढी जाडीभरडी व्यवस्था चालली, कारण कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मुख्य भोक, साधारण १ मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा असतो. आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणारा, जेट त्याच्या निम्मा. शंभर मायक्रॉनची जाळी दोघांनाही पुरते. जेट चोक झालाच तर खोलून हवा मारली की गाडी पुन्हा चालू. कचऱ्याने गाडी थांबायची, पण इंजिनाचा भाग निकामी होत नसे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

डिझेलने हिशेब बदलला. रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ चे इंजिन दाबाच्या हवेने इंधन आत फुंकायचे. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे, म्हणून ते गाडीत बसणे शक्यच नव्हते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये इंजेक्शन पंपावर, म्हणजे हवेशिवाय थेट डिझेलच दाबाने इंजिनात सोडणाऱ्या पंपावर, काम सुरू केले आणि १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. ट्रकमध्ये डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रुजले ते या पंपामुळे. पंपातला प्लंजर (मागेपुढे सरकणारा दांडा) आणि त्याचा बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात, त्यांच्यामधली फट २ ते ४ मायक्रॉन असते आणि मध्ये सील नसते. ती फट हेच सील, आणि वंगण म्हणजे खुद्द डिझेल. म्हणूनच एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये चालत नाही.

इथे कचरा कसा मारतो ते नीट पाहायला हवे. फटीपेक्षा बराच मोठा कण आत शिरूच शकत नाही. बराच लहान असेल तर डिझेलबरोबर निघून जातो. फटीएवढाच कण मात्र दोन पृष्ठभागांमध्ये अडकून घासत राहतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो आणि ४० च्या खालचे डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. म्हणजे पंप खाणारा कण कधी दिसणारच नाही. काचेच्या भांड्यात स्वच्छ दिसणारे डिझेल पंपाच्या दृष्टीने घाण असू शकते.

त्या पंपांसाठी आधी फेल्टचे, कापडाचे आणि सुताच्या गुंडाळीचे फिल्टर आले. हे खोलीत गाळणारे फिल्टर: कण जाडीत कुठेतरी अडकतो. अडचण अशी की छिद्रे एकसारखी नसतात, आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी किंवा प्रवाह अचानक वाढल्याने अडकलेले कण सुटून पुढे जातात. रेझिन पाजलेला, घड्या घातलेला कागद आल्यावर हातात मावणाऱ्या डब्यात काही हजार चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ बसू लागले. क्षेत्रफळ वाढले की कागदातून जाण्याचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की कण पकडून ठेवणे सोपे जाते. रेझिन नसेल तर कागद पाण्याने मऊ पडून फाटतो. बऱ्याच ट्रकमध्ये दोन फिल्टर एकापाठोपाठ बसवले गेले, आधी जाडा, मग बारीक.

पेट्रोलच्या बाजूला हा बदल उशिरा झाला. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये आली आणि काचेच्या वाटीची जागा दाब सोसणाऱ्या, लाइनमधल्या धातूच्या फिल्टरने घेतली. पुढे पंपच टाकीत गेला आणि बऱ्याच गाड्यांत फिल्टरही त्याच्याच मॉड्यूलमध्ये गेला.

डिझेलमध्ये खरी उडी मारली कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच नळीतून, रेलमधून, मोठ्या दाबाचे डिझेल देण्याच्या पद्धतीने. डेन्सोची पद्धत १९९५ मध्ये जपानी ट्रकमध्ये आली, बॉशची १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये. तेव्हा दाब १३५० बार होता (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). आज २००० च्या पुढे, काही इंजिनांत २५०० बार आहे. जुन्या यांत्रिक नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या टोकाचा) उघडण्याचा दाब दोनशे बारच्या आसपास असे. नोझलची भोके ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर आली, पण खरी नाजूक जागा आहे इंजेक्टरच्या आतल्या कंट्रोल व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो तो पृष्ठभाग. तिथे अडकलेला कण सीटवर बारीक चर पाडतो. मग व्हॉल्व्ह बंद असतानाही त्या चरातून डिझेल प्रचंड वेगाने सुटते, आणि त्यातले कण चर आणखी खोदतात. रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जाणारे डिझेल वाढते, स्टार्टर फिरवताना रेलचा दाब चढत नाही आणि गाडी, विशेषतः गरम असताना, उशिरा सुरू होते. म्हणून सगळ्या इंजेक्टरच्या रिटर्नला मोजनळ्या लावून बॅक-लीक पाहतात. ज्याची नळी इतरांच्या मानाने लवकर भरते तो संशयित. रेलचा दाब कमी असल्याचा पी००८७ हा बिघाडाचा कोड मात्र फिल्टर तुंबला तरी येतो, त्यामुळे इंजेक्टर खोलण्याआधी फिल्टर पाहावा.

फट इतकी लहान झाल्यावर ‘हा दहा मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्या बोलण्याला अर्थ उरला नाही. त्या आकाराचे कण तो किती टक्के पकडतो, हा प्रश्न आहे. बीटा गुणोत्तर, म्हणजे फिल्टरआधीचे कण भागिले नंतरचे कण, २ असेल तर निम्मे कण निसटतात. १००० असेल तर हजारात एक. इंधनाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तीन आकड्यांत लिहितात: एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉन व त्याहून मोठे कण किती. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट. वाहन उत्पादकांच्या संघटनांच्या वर्ल्डवाइड फ्युएल चार्टरमध्ये १८/१६/१३ सुचवले आहे, आणि त्यातल्या १८ चा अर्थ १३०० ते २५०० कण. दुसरीकडे, युरोपच्या ईएन ५९० मानकात किलोला २४ मिलिग्रॅमपर्यंत घन अशुद्धी चालते. साठ लिटरच्या टाकीत साधारण ५० किलो डिझेल धरले तर ती १.२ ग्रॅम होते. बारीक धुळीच्या रूपात हे प्रमाण अजिबात थोडे नाही. मानकात बसणारे इंधन आणि इंजेक्टरला झेपणारे इंधन यांतले हे अंतर फिल्टरनेच भरून काढायचे असते.

पाण्याची गोष्ट याहून चिवट आहे. त्याच मानकात किलोला २०० मिलिग्रॅम पाणी चालते. पाणी वंगणाचा थर तोडते, गंज आणते, आणि डिझेलशी जिथे त्याची सीमा असते तिथे बुरशी व जिवाणू वाढतात; त्यांचा काळपट चिकट लगदा फिल्टर पाहता पाहता भरून टाकतो. पूर्वीच्या वाट्यांत थेंब मोठे असल्याने ते आपोआप खाली बसत. थेंबाचा व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. एकीकडे टाकीतले विजेचे पंप पाणी घुसळून थेंब बारीक करू लागले. दुसरीकडे इंधनच बदलले. अमेरिकेत २००६ पासून १५ पीपीएम (दशलक्षात १५ भाग) आणि युरोपात २००९ पासून १० पीपीएमच गंधक उरले. गंधक काढताना वंगणगुण कमी होतो, म्हणून मिश्रके घालावी लागतात. ही मिश्रके आणि बायोडिझेल थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. साधा पाणी न धरणारा कागद इथे कमी पडला. म्हणून आता आधी दाट तंतूंच्या थरात थेंब मोठे करतात, मग ते खाली पडू देतात आणि उरलेले जाळीवर अडवतात. खालचा सेन्सर पाणी ठरावीक पातळीला आले की दिवा लावतो. दिवा लागला की स्वच्छ डिझेल येईपर्यंत कॉक उघडा ठेवावा; किलोमीटर बाकी आहेत म्हणून थांबू नये.

थंडीत फिल्टर तुंबला म्हणजे कचराच असेल असे नाही. डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक कागदावर बसतात आणि ऊब मिळाली की विरघळतात. फिल्टरला हीटर असतो तो यासाठी.

या सगळ्यामुळे फिल्टर बदलण्याची जुनी सवय धोक्याची झाली. पूर्वी लाइनमधली एअर (हवा) लवकर निघावी म्हणून नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरूनच बसवत. पंपाआधीच्या शेवटच्या बारीक फिल्टरमध्ये असे केले तर मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळताच पुढे जाते. तो कोरडा बसवावा, ओ-रिंगला (गोल रबरी सीलला) स्वच्छ डिझेल लावावे, घट्ट करण्याचे माप डब्यावर दिलेले असते तेच पाळावे आणि हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत मारून एअर काढावी. विजेचा पंप असेल तर स्टार्टर न मारता चावी काही वेळा चालू-बंद करावी.

एका ठिकाणी मात्र कुठलाच फिल्टर उपयोगी पडत नाही. सगळी बारीक गाळणी हाय प्रेशर पंपाच्या आधी असते. पंपच झिजू लागला तर त्याचा चमकणारा चुरा थेट रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये जातो, शिवाय रिटर्नने टाकीतही उतरतो. म्हणून पंप बदलण्याआधी रेलच्या दाब नियंत्रकाची जाळी आणि टाकीचा तळ पाहतात. तिथे चुरा दिसला तर नुसता पंप बदलून भागत नाही: टाकी धुवावी लागते, लाइन साफ कराव्या लागतात आणि रेलसह सगळे इंजेक्टर नवे घालावे लागतात.