नाशकातले जुने वाईस आणि त्यांच्यावरचे रंगाचे थर

सध्या नाशकात जुने बेंच वाईस, म्हणजे काम जबड्यात आवळून धरणारे टेबलावरचे शिकंजे, आणून घरीच साफ करून रंगवायचं वेड बऱ्याच जणांना लागलंय. सिडकोतल्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये म्हणा, गंगापूर रोडच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये म्हणा, एक जाड टेबल, अँगल ग्राइंडर आणि तारेचा ब्रश दिसला की ओळखायचं. बहुतेकांना वाटतं हे सगळं यूट्यूबमुळे सुरू झालं, आणि छंद म्हणून ते खरंही आहे, पण वाईसला दरवर्षी रंग मारायची रीत आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, ती खंडेनवमीची. दसऱ्याआधी शॉपमधली सगळी मशीनं पुसून काढायची, ऑइल द्यायचं, स्टोअरला जो रंग शिल्लक असेल त्याचा एक हात मारायचा, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. अशी वीस-तीस वर्षं एकाच शॉपमध्ये काढलेल्या वाईसवर थरावर थर चढलेले असतात, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ते थर म्हणजे त्या वाईसची सर्व्हिस बुक आहे, हातात आल्या आल्या त्यावर पेंट रिमूव्हर ओतू नका, आधी वाचा.

माझ्याकडच्या एका चार इंची वाईसचं सांगतो. मागच्या सपाट ऐरणीच्या खाली, जिथे हातोडा लागत नाही तिथे, ब्लेडनं तिरकं हळूहळू खरवडत गेलो तर वर चंदेरी ॲल्युमिनियम पेंट, त्याखाली मशीनचा हिरवा, परत हिरवा पण जरा फिका, मग करडा, मग एक पातळ तांबूस रेड ऑक्साइड, आणि सगळ्यात खाली, ओतकामाच्या खडबडीत अंगाला चिकटलेला गडद निळा. तो निळा बघितला आणि वाईस कुठला असावा याचा अंदाज आला, अक्षरं नंतर उघडी पडली.

आता मागचं थोडं सांगतो. लोहाराच्या कामाला वाईस असायलाच हवा असं नाही, ऐरण, घण, सांडशी आणि भाता असला की झालं. जुन्या नाशकातल्या तांबट आळीतली भांडी तर ठोकूनच घडली. वाईस लागतो तो कानस चालवायला, म्हणजे एक भाग दुसऱ्या भागात बरोबर बसवायचा असेल तेव्हा, म्हणजेच फिटरला. युरोपात आधी होता तो लेग वाईस, त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जायचा, कारण वर बसणारा घणाचा दणका टेबलानं न घेता जमिनीनं घ्यावा. त्याच्या जुन्या नगांमध्ये नटच्या नळीतले आटे कापलेलेसुद्धा नसायचे. चौकोनी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून नळीत बसवायची आणि पितळेनं झाळून टाकायची, तेच आटे. असा वाईस मिळाला तर नळीच्या तोंडातून टॉर्च मारून बघा, झाळलेल्याची पिवळी रेघ दिसते. ती दिसली तर तो भाग चुकूनही भट्टीत किंवा गॅस टॉर्चखाली लाल करू नका, झाळकाम सुटून आटेच बाहेर येतील.

मग १८०० च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेनं स्क्रू कापायचं लेथ नीट बसवलं, १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं माप ठरवून दिलं, बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, ओतकाम स्वस्त झालं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आज आपण बघतो तसा टेबलावर बोल्ट करायचा बिडाचा वाईस सर्रास मिळायला लागला. शेफील्डमध्ये १८९८ साली सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनी निघाली, पुढे तिचा रेकॉर्ड हा ब्रँड अख्ख्या ब्रिटिश साम्राज्यात गेला, निळ्या रंगासकट. यॉर्कशायरच्या शिपलीतल्या पार्किन्सनचा परफेक्ट वाईस त्याच्या क्विक रिलीजसाठी नावाजलेला, खटका दाबला की अर्धा नट स्क्रूला सोडतो आणि जबडा सरळ ओढता येतो, फिरवत बसायला नको. अमेरिकेत शिकागोला १९४१ मध्ये विल्टन सुरू झाली, त्यांनी स्क्रू बंद नळकांड्यात घातला म्हणजे कानसाचा किस आत जायलाच नको. अमेरिकन माल आपल्याकडे फार दिसत नाही, पण विल्टन मिळालाच तर जबडा बाहेर काढून खालच्या पट्टीवरचा तारखेचा शिक्का बघा, जुन्या नगांवरची ती तारीख बनवल्याची नसते, पाच वर्षांची गॅरंटी संपायची असते, म्हणजे पाच वर्षं मागे मोजायचं.

नाशिकमध्ये हे सगळं येण्याचं मुख्य कारण रेल्वे. थळ (कसारा) घाटातली लाईन १८६५ ला सुरू झाली, इगतपुरीला इंजिनांचं काम आलं, मनमाडला १९०६ मध्ये पुलांच्या गर्डरचं वर्कशॉप उभं राहिलं, देवळालीत लष्कराचा कॅम्प होताच, आणि १९२५ च्या सुमारास नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आला. या सगळ्या ठिकाणी फिटर आणि मेंटेनन्स शॉप असणारच आणि तो काळ विलायती मालाचा. त्यामुळे नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी, मनमाड या पट्ट्यात ब्रिटिश वाईस निघाला तर मला नवल वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५७ च्या आसपास परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीचे परवाने आवळले गेले, आणि मग जालंधर, लुधियाना, बटाला इकडचा माल देशभर जायला लागला. पुढे बेंच वाईससाठी आयएस २५८६ हे भारतीय मानकही झालं. इकडे ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा विमान कारखाना आला, सातपूरला एमआयडीसी उभी राहिली, तिथेच तापडियानं १९६९ पासून स्वीडनच्या सहकार्यानं पक्कड-पान्हे बनवायला सुरुवात केली (घराघरातली ती पक्कड नाशिकची आहे हे नाशिककरांनासुद्धा माहीत नसतं), नंतर अंबडची एमआयडीसी. आयटीआयला फिटर ट्रेडला गेलेला प्रत्येक पोरगा आधी वाईससमोर उभा राहून कानस चालवायला शिकला. हे वाईस देशी, बीड जरा जाडजूड, फिनिशिंग कमी, पण त्यांना कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. विलायती नावासाठी दुप्पट पैसे मोजणारा माणूस त्याच ढिगातला चांगला देशी वाईस सोडून जातो तेव्हा जीव तुटतो.

आटे आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांचं एक सांगायलाच हवं कारण इथे सगळे अडकतात. आपल्याकडे मेट्रिक १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलं, त्याआधीचं सगळं इंचात. ब्रिटिश वाईसच्या जबड्याच्या प्लेटचा स्क्रू अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच व्हिटवर्थ असेल तर दिसायला तो आठ एमएमच वाटतो, फरक एमएमच्या दहाव्या भागाहूनही कमी, दुकानदारही आठचा देतो, आणि तो दोन आटे मस्त जातो नि मग घट्ट होतो. तिथे जोर लावला की बिडातले आटे गेलेच. व्हिटवर्थमध्ये इंचाला १८ आटे, आठ एमएमला सव्वा एमएमचा पिच (दोन आट्यांतलं अंतर), ते जुळणार कसे. भद्रकालीतल्या जुन्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन सरळ "अडीच सूत, बीएसडब्ल्यू" (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) म्हणा, ते अजून मिळतात.

आता रंग. सगळ्यात जुना काळा थर असेल तर तो बहुधा जपान ब्लॅक, म्हणजे डांबराच्या जातीचा अस्फाल्ट, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, मारून भट्टीत भाजायचा. कडक बसतो पण धारेवर टवका उडतो. १९२३ मध्ये ड्यूपॉन्टनं मोटारींसाठी ड्यूको नावाचं भराभर वाळणारं लॅकर आणलं, त्यामागोमाग अल्कीड इनॅमल आलं, आणि कारखान्यांना भट्टीशिवाय हवा तो रंग मिळायला लागला. वाईस निळे, हिरवे, करडे व्हायला लागले ते यामुळे. लेथवर दिसतो तो हॅमरटोन, ठोकलेल्या पत्र्याचा भास देणारा, तो ओतकामाची खडबड झाकतो म्हणून आपल्याकडे एवढा चालला. मला स्वतःला वाईसवर तो आवडत नाही, अक्षरं बुजतात.

आणि प्रायमर नीट ओळखा. विटकरी तांबूस तो रेड ऑक्साइड, लोखंडाचाच, त्याची भीती नाही. पण चक्क शेंदरी दिसला तर तो रेड लेड असू शकतो, शिशाचा, आपला पूर्वीचा शेंदूर तोच. वरच्या जुन्या पिवळ्या-हिरव्या इनॅमलमध्येही शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तेव्हा कुठल्याही जुन्या थरावर कोरडा ग्राइंडर चालवून घरात धूळ करू नका, पोरंबाळं असतात. ओलं करून खरवडा, मास्क लावा, खरवडलेलं कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. गंजासाठी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरवाली पद्धत (वाईस सोड्याच्या पाण्यात बुडवून चार्जरचा करंट सोडायचा) चांगली, फक्त दुसऱ्या टोकाला साधं लोखंडच लावा, स्टेनलेस लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

हे वाईस आत्ताच एवढे बाहेर का पडतायत तर सातपूर-अंबडची जुनी युनिट बंद झाली किंवा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, गेली, फिटरचं टेबलच निघालं, आणि माल अंबड लिंक रोडच्या भंगारात किलोवर गेला. तो बाजार महापालिकेनं २०१७ मध्ये हटवला, तरी भंगारवाल्यांचा धंदा इकडेतिकडे चालूच राहिला. पूर्वी बिडाचा भाव लागायचा, आता पोरांना नाव वाचता येतं, रेकॉर्ड दिसलं की भाव वेगळा. घ्यायच्या आधी जबडा पूर्ण उघडून मागच्या मानेपाशी, जिथे तो सरकत्या भागाला मिळतो तिथे रॉकेलचा फडका फिरवून चिरा बघा. जुनं बीड ठिसूळ असतं, कुणीतरी हँडलला पाइप घालून आवळलेलं असतं, चीर असली की रॉकेल आत शिरतं आणि पुसल्यावर काळी रेघ परत वर येते. आणि रंगवताना स्क्रू, सरकत्या बाजू, जबड्याचे दात आणि ऐरण यांना रंग लावू नका, तिथे फक्त ऑइल, शॉपमधले जुने फिटरही तेवढं कधी रंगवायचे नाहीत. मी तर ऐरणीखालचा रुपयाएवढा तुकडा सगळ्या थरांसकट तसाच ठेवतो, वर टेप लावून, बाकी सगळा वाईस मूळ निळ्यात.