महापालिकेची खरेदी : निविदा ऑनलाइन झाली, साठा नोंदवही तिथेच राहिली

नागपूर महापालिकेचे खरेदी आणि कंत्राटाचे नियम सुधारायचे म्हटलं की चर्चा निविदेपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. हे नियम कसे घडत गेले ते पाहिलं तर त्याचं कारण कळतं.

१८६४ ची नगरपालिका १९५१ मध्ये महापालिका झाली ती मध्य प्रांत-वऱ्हाडच्या स्वतंत्र कायद्याखाली. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावरही नागपूर अनेक दशकं त्याच कायद्यावर चाललं. मुंबई वगळता राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेला १९४९ चा महापालिका अधिनियम इथे आला २०१२ मध्ये. तेव्हापासून कंत्राटांचा आधार म्हणजे कलम ७३ व ७४ आणि अनुसूची 'ड' मधलं प्रकरण ५. करार आयुक्त करतात. ठरावीक रकमेच्या वर स्थायी समितीची मंजुरी लागते. याच प्रकरणातलं ५(२)(२) पालिकेत सगळ्यांना पाठ असतं : समितीच्या मंजुरीने, कारणं नोंदवून, निविदेशिवाय काम देता येतं. अडीनडीला ही तरतूद हवीच. पण नोंदवलेली कारणं हाच तिच्यावरचा अंकुश आहे, आणि 'काम तातडीचे आहे' एवढ्या ओळीवर भागलं की तो सुटतो. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा तर प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला.

शतक पालटताना क्रीडासाहित्य खरेदीचं प्रकरण गाजलं, नंदलाल समितीने त्याची चौकशी केली. पुढे ई-निविदा आली आणि कोरा निविदा फॉर्मच कोणाला मिळू न देण्याची जुनी युक्ती बंद पडली. २०१६ मध्ये केंद्राचं सरकारी खरेदीसाठीचं जेम पोर्टल सुरू झालं. त्याच वर्षी १ डिसेंबरला राज्याची खरेदी नियमपुस्तिका निघाली. तिच्यात तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची होती.

मग कामांचे तुकडे पडू लागले. समजा, एका रस्त्याचं डांबरीकरण ११ लाखांचं आहे. त्याची पावणेतीन लाखांची चार प्राकलनं, म्हणजे खर्चाचे अंदाज, केली की प्रत्येक काम तेव्हाच्या तीन लाखांच्या मर्यादेच्या आत बसतं. सुटं सुटं पाहिलं तर चारही फाइली निर्दोष दिसतात. शेजारी ठेवल्या तर रस्ता एक, तांत्रिक मंजुरीची तारीख एक, जावक क्रमांक लागोपाठ. मर्यादा वाढवून हे थांबत नाही, तुकडे मोठे होतात एवढंच. दहाही झोनची मागणी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र केली, तरच हे तुकडे आधी दिसतात.

२०२१ च्या अखेरीस उघड झालेल्या स्टेशनरी घोटाळ्यात साहित्य न पुरवताच बिलं निघाल्याचं समोर आलं. मागणीपत्र, प्रशासकीय मंजुरी, कार्यादेश, साठा नोंद, बिल, लेखा विभाग अशी ही साखळी आहे. तिच्यात प्रत्येक टेबल फक्त आधीची सही पाहतं. माल मोजणारं टेबल एकच, भांडाराचं. निविदा कितीही चोख असली तरी तिथली पावती खोटी निघाली तर पुढचं सगळं नियमात बसतं. म्हणून नव्या नियमांत दोन गोष्टी आधी हव्यात : साठा नोंदवहीतला क्रमांक भरल्याशिवाय संगणकात बिल तयारच होऊ नये, आणि माल मोजून घेणारा कर्मचारी मागणी करणाऱ्या विभागाचा नसावा.